सौंसरकरांनो, जुन्या स्टेशनांची नोंद करून ठेवा!

नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज १९१३ची, बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातली. सावनेर, सौंसर, रामाकोना करत सातपुडा चढणारी ही गाडी २०१५च्या अखेरीस गेज परिवर्तनासाठी बंद झाली. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटरवरून १६७६ झालं, दुपटीहून जास्त! इतक्या बदलात रुळांसोबत पूल, वळणं, फलाटही बदलतात.

म्हणून जुनी इमारत, पूल, पाण्याची टाकी जे काही उभं असेल, त्याची पुरातत्त्वीय नोंद व्हायला हवी. नुसते फोटो पुरत नाहीत. भिंतीला मोजपट्टी लावून समोरून फोटो घ्या, टेपनं मापं घेऊन नकाशा काढा. आडव्या-उभ्या विटांची रचना पाहा. मधेच विटांचा आकार किंवा चुन्याचा रंग बदलला, तर तिथं बहुधा दार बुजवलंय किंवा खोली वाढवलीय. रंगाचे पापुद्रे, छताखालची काजळी, उंबऱ्याची झीज हेही टिपा. मला तर झिजलेला उंबरा कोनशिलेइतकाच मोलाचा वाटतो.

नागपूरच्या मोतीबागेत २००२पासून नॅरोगेज संग्रहालय आहे. इंजिनं तिथं जपली गेली. इमारत मात्र हलवता येत नाही, तिची नोंद जागेवरच करावी लागते. घरात कुणी या लाइनवर नोकरीला होतं? तिकीटखिडकी, सामानाची खोली कुठे होती, ते त्यांच्याकडून नकाशावर लिहून घ्या.