लक्ष्मणफळ : आशा आणि सावधगिरी

सीताफळ, रामफळ यांच्याच कुळातील लक्ष्मणफळ मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील. तेथील लोकवैद्यकात त्याची फळे व पाने पूर्वापार वापरली जातात. त्यातील अ‍ॅसिटोजेनिन ही द्रव्ये पेशींमधील ऊर्जानिर्मिती रोखतात. त्यामुळे प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी नष्ट होताना आढळल्या आहेत. मात्र परीक्षानळीतील यश म्हणजे रुग्णाला आलेला गुण नव्हे. माणसांवरील पुरेशा चाचण्यांतून ही उपयुक्तता अद्याप सिद्ध झालेली नाही. शिवाय हीच द्रव्ये मज्जापेशींनाही घातक ठरू शकतात. कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलूप बेटांवरील १९९९ च्या अभ्यासात या फळांचे व पानांच्या काढ्याचे नियमित सेवन आणि कंपवातासदृश विकार यांचा संबंध दिसून आला. म्हणूनच फळ अधूनमधून चवीने खावे. परंतु काढ्याच्या भरवशावर शस्त्रक्रिया वा केमोथेरपी लांबणीवर टाकू नये.