रोडक्या बाळातली चरबी

नंदुरबार म्हटलं की धडगाव-अक्कलकुव्याची कुपोषित मुलं आठवतात. तिथे लठ्ठपणाचं काय, असं वाटेल. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांत केलेला अभ्यास विचार करायला लावतो. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी; चरबी मात्र, विशेषतः पाठीवरची, बरीच टिकून! अशा मुलाचं वजन पुढे झपाट्याने वाढलं की रक्तवाहिन्यांना धोका वाढतो. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं, त्याने वाहिनी सैलावते. जादा चरबीने शरीरात सौम्य दाह राहतो, हा वायू कमी पडतो, वाहिनी ताठर होऊ लागते, तीही शाळकरी वयात. मूल रोज धावू-खेळू लागलं, की अस्तर बरंच सावरतं.