एकटेच दुचाकीवर चिखलदऱ्याला निघालात? आधी हे वाचा

वाशिमहून उत्तरेला मंगरुळपीर, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा असं गेलं की चिखलदऱ्याचा घाट लागतो. वाटेत कारंजाला गुरुमंदिराचं दर्शन होतं. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड इंग्रजांनी १८०३ मध्ये मराठ्यांकडून जिंकला होता. गड पायी फिरता येतो, पण तो मेळघाटच्या जंगलात आहे. एकट्यानं पायवाट सोडू नका. अस्वल समोर आलं तर मदतीला कोणी नसतं, अन् मोबाइलची रेंजही जाते. म्हणून परतवाड्यातच टाकी फुल करा, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. कोणत्या वाटेनं जाताय, किती वाजता परत फोन करणार, हे घरी सांगा. फोन आला नाही तर कुठं शोधायचं, हे तरी घरच्यांना कळेल.