बाळंतिणीच्या खोलीतली ऊब

संक्रांतीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या सिन्नरला कसे जातात, ते मुंबईच्या मैत्रिणींना सांगून पटत नाही. मोहदरीचा घाट चढून वर आलं की वाराच वेगळा लागतो. शेजारच्या निफाडचा पारा घसरल्याची बातमी दर हिवाळ्यात येतेच, आणि तिकडे द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटतात. द्राक्षांची एवढी काळजी. पण आपली घरं मात्र बांधलेली असतात उन्हाळ्याच्या हिशेबानं. थंडीला स्वेटर आणि गोधडी, एवढाच आपला बंदोबस्त.

धडधाकट माणसाचं त्यावर भागतं. पण घरात बाळंतीण असली, तान्हं मूल असलं, की खोलीच उबदार करावी लागते. मग आपण काय करतो? दारंखिडक्या गच्च लावतो, फटींत चिंध्या कोंबतो आणि बाजेखाली कोळशाची शेगडी सारतो.

इथे मला स्पष्टच बोलायचं आहे. निखारे धुमसत असताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. आपलं रक्त प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेपटींहून अधिक ओढीनं धरतं. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर तेही कळत नाही. "धूर कुठं आहे? निखारेच तर आहेत," असं आपण म्हणतो ना, तिथंच फसतो.

आमच्या गल्लीत माहेरी बाळंतपणाला आलेली एक मुलगी अशीच सकाळी उठेना. बाळ किरकिरतं म्हणून आजीनं रात्री माजघरात घेतलं होतं. ते भुकेनं रडू लागलं, तेव्हा आजी दार उघडून आत गेली. मुलीला मोकळ्या हवेत आणलं, दवाखान्यात प्राणवायू दिला, म्हणून निभावलं. त्या घरी अजून म्हणतात, दृष्ट लागली. दृष्ट कसली बाई, शेगडी लागली! शेक द्यायचाच तर खिडकी उघडी हवी, जवळ कुणी जागं हवं आणि निजण्यापूर्वी शेगडी अंगणात हवी. बाळाला धुरी तर देऊच नये.

मग ऊब आणायची कशी? विजेचा ब्लोअर बरा. तारा लाल होणारा हीटर समोरच्यालाच भाजतो, पाठ गारच राहते. ब्लोअरचा पंखा ऊन हवा खोलीभर ढकलतो. पण तो ठेवायचा कुठं, इथं बहुतेकजणी चुकतात. विज्ञान काही माझा विषय नव्हे, मी बी. ए. झालेली; तरी शाळेत मुलांना निरांजनावर कागदाची भिंगरी धरून दाखवते. ती गरगर फिरते, कारण गरम हवा वर जाते. स्टुलावर ठेवलेला ब्लोअर छत तापवतो आणि पाय गारठतात. पत्र्याचं घर असेल तर ती ऊब पत्र्यातून आभाळाला! म्हणून ब्लोअर जमिनीवर ठेवावा, अंथरूण-पडद्यांपासून तीन फूट दूर, आणि झोत बाजेवर न धरता खोलीच्या लांबीनं सोडावा.

माझी मावसबहीण टोरांटोला असते. तिच्याकडे तळघरात गॅसची भट्टी आहे. तिथली ऊन हवा पंख्यानं पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत जाते. तिच्या जाळ्या बहुधा खिडकीखाली, कारण गारवा काचेवरूनच खाली उतरतो. गार हवा परत ओढणारी जाळी वेगळी. तिच्यापुढे कपाट सरकवलं, तर खोली नीट तापतच नाही, असं ती सांगते. जुनी हवा निघाल्याशिवाय नवी यायची कशी? आणि भट्टीचा धूर वेगळ्या नळीनं बाहेर जात असूनही, तिच्या ऑन्टारिओ प्रांतात अशा घरांत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा २०१४ पासून कायद्यानं सक्तीची आहे. आपण मात्र निखारे बाजेखाली ठेवून निजतो!

ब्लोअर चालू असतानाही दाराची फट थोडी राहू द्या. २००० वॅटवर तासाला दोन युनिटं जळतात, तेव्हा निजण्याआधी खोली तापवून घ्या आणि मग १००० वर आणा. जोडणी भिंतीतल्या मोठ्या, १६ अँपिअरच्या प्लगलाच. लांब वायरच्या बोर्डावर नको. त्यावर दुपटी वाळत घालणं तर मुळीच नको. जमिनीवर सतरंजी हवीच.

ऊब पुरेशी आहे की नाही, ते अंदाजानं ठरवू नका. जागतिक आरोग्य संघटना बाळ जन्मतं त्या खोलीत निदान २५ अंश ऊब सांगते. साधा तापमापक बाळाच्या उंचीवर टांगा, आणि हात बाळाच्या पोटाला व पावलांना लावून पाहा. दोन्ही कोमट हवीत. पोट ऊन आणि पावलं गार, म्हणजे बाळाला थंडी वाजते आहे. मान घामेजली, तर पांघरूण जास्त झालं.

वीज काही सांगून जात नाही. गेली, तर शेगडीकडे वळू नका. लंगोट आणि टोपडं एवढ्यावर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून शाल घ्या, नाक-तोंड मोकळं ठेवा. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकाअखेरीस कमी दिवसांच्या बाळांसाठी हा उपाय सुरू झाला. आता आपल्या सरकारी रुग्णालयांतही शिकवतात. फक्त आईनं त्या वेळी जागं राहायला हवं. तिचा डोळा लागत असेल, तर आजीनं बाळ घ्यावं.