घरी बांधलेले विमान आणि शेजारचे आसन

कांदिवलीच्या चारकोप भागातील एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा विमान घरीही बांधता येते हे अनेकांना प्रथमच उमगले. पुढे २०१७ मध्ये त्या विमानाची रीतसर नोंदणीही झाली. या कौतुकाच्या भरात एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. विमान बांधणारा स्वतः त्यात बसून उडेल, तो धोका त्याने जाणूनबुजून पत्करलेला असतो. पण उरलेल्या आसनांवर कोणाला बसवायचे असेल, तर वैमानिकापाशी कोणती पात्रता हवी?

या प्रश्नाची तपशीलवार उत्तरे अमेरिकेच्या नियमांत सापडतात, कारण ही हौस तेथे जुनी आहे आणि व्यापकही. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिन राज्यात ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ स्थापन केली. तिच्या ऑशकॉश येथील वार्षिक मेळाव्यात घरी बांधलेली विमाने दूरदूरहून उडत येतात. विमानाच्या बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी मंडळींनी केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी वा आनंदासाठी पुरा केला असेल, तर तेथील विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, त्या विमानाला ‘एक्स्पेरिमेंटल’ वर्गाचे प्रमाणपत्र देऊ शकते. कारखान्यातील विमानाच्या आराखड्याला जी कसून तपासणी पार करावी लागते, ती येथे झालेली नसते. म्हणूनच ‘एक्स्पेरिमेंटल’ हा शब्द विमानाच्या दाराजवळ ठळक अक्षरांत लिहावा लागतो आणि विमानाचे हे स्वरूप प्रत्येक सोबत्याला आधी सांगणे वैमानिकावर बंधनकारक असते. भाडे आकारून प्रवासी नेण्यास तर अशा विमानाला मनाईच आहे.

आता वैमानिकाच्या पात्रतेकडे वळू. परवाना मिळाला म्हणजे आकाशातील कोणतेही यान चालवता येते, असे नाही. परवान्यावर ‘रेटिंग’ नोंदवलेली असतात. त्यांत आधी यानाचा प्रकार येतो: एअरप्लेन, ग्लायडर, रोटरक्राफ्ट इत्यादी. मग त्या प्रकारातील वर्ग येतो: एअरप्लेनच्या बाबतीत एक इंजिन की अनेक, जमिनीवर उतरणारे की पाण्यावर, रोटरक्राफ्टच्या बाबतीत हेलिकॉप्टर की जायरोप्लेन. एक्स्पेरिमेंटल विमानांना या रेटिंगच्या अटीतून सूट आहे. पण ती सोबत प्रवासी नसेल तोवरच. २००४ मध्ये स्पोर्ट पायलट परवान्याचे नियम आले, त्याच वेळी ही मर्यादा घालण्यात आली.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्याच्या परवान्यावर केवळ एक इंजिनी, जमिनीवर उतरणाऱ्या विमानाचे रेटिंग आहे आणि त्याने घरी जायरोप्लेन बांधले. त्या विशिष्ट यानाच्या उड्डाण-अटींत वेगळे बंधन नसेल, तर तो एकटा उडत असताना जायरोप्लेनचे रेटिंग नाही म्हणून हा नियम त्याला अडवत नाही. मात्र धाकट्या भावाला शेजारी बसवायचे ठरवले, की ते रेटिंग अनिवार्य होते. यामागील विचार सरळ आहे. वैमानिक स्वतःच्या जिवाचा धोका समजून-उमजून घेत असतो. सोबत्याला मात्र तो धोका जोखण्याचे साधन नसते. म्हणून त्याच्या वतीने कायदा वैमानिकाची परीक्षा घेतो.

याखेरीज अन्य अटीही आहेत. विद्यार्थी वैमानिकाला प्रवासी नेताच येत नाही. स्पोर्ट पायलट एकच सोबती नेऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ पासून त्याला चार आसनांपर्यंतची विमाने चालवण्याची मुभा मिळाली, तरी सोबत्याची संख्या एकच राहिली. खासगी परवानाधारकावर अशी एका सोबत्याची मर्यादा नसते. मात्र शेपटीकडे चाक असलेले किंवा २०० अश्वशक्तीहून अधिक ताकदीचे इंजिन असलेले विमान चालवण्यासाठी त्याने वेगळे प्रशिक्षण घेतलेले असावे आणि त्याच्या नोंदवहीत प्रशिक्षकाची तशी नोंद व स्वाक्षरी असावी लागते. दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकासमवेत उजळणीही करावी लागते. शिवाय, प्रवासी न्यायचा असेल तर मागील ९० दिवसांत त्याच प्रकारच्या व वर्गाच्या यानातून ३ उड्डाणे आणि ३ अवतरणे झालेली हवीत. रात्री प्रवासी न्यायचा तर ती रात्रीच, आणि प्रत्येक वेळी पूर्ण थांबून केलेली असावी लागतात.

वैमानिक पात्र असला तरी विमानानेही स्वतःला सिद्ध करावे लागते. नव्या विमानाचा चाचणीकाळ साधारणपणे २५ किंवा ४० तासांचा असतो. इंजिन आणि पंखा यांची जोडी प्रमाणित असेल तर २५, एरवी ४०. तासांऐवजी ठरावीक चाचण्या पूर्ण करण्याचा पर्यायही २०२३ पासून उपलब्ध आहे. या काळात विमान नेमून दिलेल्या क्षेत्रातच उडवावे लागते आणि हौसेखातर कोणालाही सोबत नेता येत नाही. ठरावीक अटींवर एखाद्या जाणकार वैमानिकाला बरोबर घेण्याची मुभा मात्र २०१४ पासून आहे; ती गंमत म्हणून नव्हे, सुरक्षिततेसाठी.

एवढे सगळे असूनही रेटिंग म्हणजे सुरक्षिततेची हमी, असे मानणे चुकीचे ठरेल. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी विख्यात गायक जॉन डेन्व्हर यांचे ‘लाँग-ईझी’ विमान कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात कोसळून त्यांचा मृत्यू झाला. विमान दोन आसनी होते, पण त्या दिवशी ते एकटेच होते. त्यांचे वैद्यकीय प्रमाणपत्र वैध नव्हते, हे खरे. पण २,७०० तासांहून अधिक उड्डाणाचा अनुभव आणि अनेक रेटिंग त्यांच्या गाठीशी होती. विमान दुसऱ्याने बांधलेले होते आणि त्यांनी ते नुकतेच विकत घेतले होते. इंधनाची टाकी बदलण्याची कळ बांधणाऱ्याने मूळ आराखड्यातील जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. ती फिरवण्यासाठी अंग वळवताना उजव्या पायाचा दाब रडरवर पडला आणि विमानावरील ताबा सुटला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. त्या विमानाची ओळख करून देणारे प्रशिक्षण अपुरे होते, हेही कारणांत नोंदवले गेले.

घरी बांधलेल्या विमानांची अडचण नेमकी हीच आहे. एकाच आराखड्यावरून बांधलेली दोन विमानेही आतून वेगळी असू शकतात. रेटिंग सांगते की वैमानिकाला त्या वर्गाचे यान चालवता येते. हे विशिष्ट यान त्याला किती ठाऊक आहे, ते परवान्यावर लिहिलेले नसते.

तेव्हा परदेशी राहणाऱ्या एखाद्या स्नेह्याने आपल्या हाताने बांधलेल्या विमानातून फेरफटका मारण्याचे आमंत्रण दिले, तर संकोच न करता चार गोष्टी विचाराव्यात. या वर्गाच्या यानाचे रेटिंग आहे का? विमानाचा चाचणीकाळ संपला का? गेल्या ९० दिवसांत किती वेळा उडालात? आणि नेमके हेच विमान किती तास चालवले आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कायदाच मागतो. चौथ्याचे उत्तर आपले आपणच मागून घ्यायचे असते. जबाबदार वैमानिकाला या प्रश्नांचा राग येणार नाही. ज्याला येईल, त्याच्या शेजारचे आसन रिकामे राहिलेलेच बरे.