काम सोडले की काढले?

निपाणीच्या तंबाखू वखारीत किंवा घरी विड्या वळणाऱ्या बाईला बडतर्फीचा कागद क्वचितच मिळतो. मुकादम एक दिवस पान-तंबाखू देणे थांबवतो, किंवा दारावरच ‘उद्यापासून येऊ नको’ असे ऐकवले जाते. तक्रार झालीच, तर मालकाचे उत्तर ठरलेले असते: ‘तिने स्वतःहून काम सोडले.’

या एका वाक्यावर बरेच काही अवलंबून असते. वर्षात 240 दिवस काम केलेल्या कामगाराची कपात करायची, तर महिन्याची नोटीस किंवा तिचे वेतन आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. राजीनामा दिलेल्याला ही भरपाई नाही. पाच वर्षांच्या सेवेनंतरची ग्रॅच्युइटी मात्र दोघांनाही मिळते, हे अनेकांना ठाऊक नसते.

न्यायालये पाहतात तो हेतू. संपावर गेलेल्या कामगारांनी नोकरी सोडली, असे मानून केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया या कंपनीने त्यांची नावे पटावरून काढली होती. नोकरी सोडणे हा नेहमी हेतूचा प्रश्न आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये त्या प्रकरणात स्पष्ट केले. जेएमए इंडस्ट्रीजच्या 1993 च्या निकालातील हकिगत तर आपल्याकडचीच वाटावी. आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपते, या स्थायी आदेशावर कंपनीने बोट ठेवले. कामगार म्हणत होता, मला फाटकातच अडवले. चौकशी न करता, बाजू ऐकून न घेता नोकरी संपवणे न्यायालयाला मान्य झाले नाही. त्याला निम्म्या थकीत वेतनासह कामावर घ्यावे लागले.

घरखेपी विडी कामगारांची अडचण आणखी निराळी. ‘ती आमची कामगारच नाही, ठेकेदाराची आहे’ असे म्हणण्याची सोय मालकाला होती. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले, आणि सहा महिने काम केलेल्यास वाजवी कारण व महिन्याच्या नोटिशीशिवाय काढण्यास मनाई केली. मंगळूर गणेश बिडी वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये हा कायदा बव्हंशी उचलून धरला. निपाणीतील वखारीच्या बायका 1980 च्या सुमारास संघटित झाल्या, तेव्हा हा आधार कागदावर होताच. तो वापरण्याचे बळ त्यांना संघटनेने दिले.

राजीनामा घेतला, असे म्हणणाऱ्या मालकाने तो दाखवला पाहिजे. कोऱ्या कागदावरील सही किंवा अंगठा इथेच घात करतो. काम नाकारले गेल्यास त्याच आठवड्यात ‘मी कामावर यायला तयार आहे’ असे पत्र स्पीड पोस्टाने धाडावे, पोचपावती, हजेरी कार्ड व भविष्यनिर्वाह निधीची नोंद जपावी. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार वाद उद्भवल्यापासून दोन वर्षे उलटली, की तडजोड अधिकाऱ्याला तो हाती घेता येत नाही.