एक संगणक, दोन कार्यप्रणाली : दाराची चावी कोणाच्या हाती?

आमच्या बाजारात आजही पुष्कळांची समजूत अशी आहे की, बटण दाबले की संगणक सुरू होतो, त्यापलीकडे व्यापाऱ्याने जाणण्यासारखे काही नाही. परंतु आता अनेक पेढ्यांवर एकाच संगणकात दोन कार्यप्रणाली नांदताना दिसतात. रोजमेळ व खतावणी विंडोजवर, तर बँक, पत्रव्यवहार आणि सरकारी पोर्टलचे काम लिनक्सवर. याचे कारण व्यवहारी आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. अनेक जुनी यंत्रे या अटीत बसत नाहीत. धडधाकट चालणारे यंत्र भंगारात घालणे कोणत्या व्यापाऱ्याला परवडेल? म्हणून हिशेबापुरते विंडोज ठेवायचे आणि इंटरनेटच्या कामासाठी शेजारी लिनक्स बसवायचे, अशी तजवीज लोक करतात.

तजवीज चांगली आहे. पण या दोन प्रणालींच्या दारात एक लहानसा प्रोग्राम उभा असतो. त्याची मांडणी नीट झाली नाही तर खतावणी आत आणि मालक बाहेर, अशी अवस्था होते. त्या प्रोग्रामला बूट लोडर म्हणतात. आम्ही ही अवस्था स्वतः भोगली आहे, म्हणूनच हा लेख.

बूट लोडर म्हणजे काय?

यंत्राला वीज मिळाली की सर्वांत आधी जागे होते ते मदरबोर्डवरील फर्मवेअर. त्याला कार्यप्रणाली चालवता येत नाही. ती कुठे ठेवली आहे एवढाच पत्ता ते शोधते आणि बूट लोडरला हाक मारते. पेढीवर सकाळी कुलूप उघडणारा जुना माणूस असतो, तसे याचे काम. गोदाम उघडायचे की गल्ला, हे तो विचारतो, आणि कोणी उत्तर दिले नाही तर नेहमीचा दरवाजा उघडून मोकळा होतो.

जुन्या पद्धतीत हा माणूस डिस्कच्या अगदी पहिल्या 512 बाइटांत राहत असे. त्यातही त्याच्या वाट्याला 446 बाइट, चार विभागांच्या नोंदवहीला 64 आणि शेवटचे 2 खुणेचे. जागा एकाचीच, त्यामुळे विंडोज पुन्हा बसवले की ते लिनक्सच्या लोडरला उठवून स्वतः तिथे बसे. हल्लीच्या यूईएफआय पद्धतीत डिस्कवर एक छोटा स्वतंत्र विभाग असतो. त्यात प्रत्येक प्रणाली आपापले फोल्डर ठेवते आणि कोणाला प्रथम बोलवायचे याची यादी फर्मवेअर स्वतःकडे ठेवते. म्हणजे भांडण जागेचे राहिले नाही, क्रमाचे राहिले.

विंडोजचा स्वतःचा लोडर विंडोज बूट मॅनेजर. लिनक्सवाल्यांत सर्वाधिक चालतो तो ग्रब. एरिक बोलेन यांनी 1995 मध्ये तो लिहायला घेतला आणि पुढे तो ग्नू प्रकल्पाचा भाग झाला. ग्रब विंडोजलाही हाक मारू शकतो. विंडोजचा लोडर मात्र आपणहून लिनक्सची विचारपूस करत नाही. म्हणून दोन्ही प्रणाली असलेल्या यंत्रात सहसा ग्रबला पुढे उभे करतात.

आमच्यावर गुदरलेला प्रसंग

आमचा लॅपटॉप 2017 सालचा. महिन्याच्या 18 तारखेला एका कारागिराने त्यावर लिनक्स बसवून दिले. डिस्कवर जागा त्याने विंडोजमधूनच मोकळी केली, ते योग्य होते. मात्र जाता जाता फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट हा पहारा त्याने बंद केला. "चाचा, लिनक्ससाठी हे बंद करावेच लागते," असे तो म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. ग्रबचा फळा आला, लिनक्स चालले, मजुरी देऊन आम्ही त्याला निरोप दिला. विंडोज उघडून पाहण्याचे कोणालाच सुचले नाही.

19 तारखेला संध्याकाळी विंडोज निवडले तर समोर निळा पडदा, आणि त्यावर 48 आकडी किल्लीची मागणी. आमच्या यंत्रात डिस्क कुलूपबंद ठेवणारी बिटलॉकरची सोय पहिल्यापासून चालू होती, हे आम्हास त्या क्षणी कळले. सुरू होण्याच्या वाटेत कोणी ढवळाढवळ केली की हे कुलूप सावध होते. सिक्युअर बूट बंद होताच त्याने यंत्र चोराच्या हाती पडले असे मानले. दुसऱ्या दिवशी 20 तारीख, म्हणजे जीएसटीचे 3बी विवरणपत्र भरण्याचा अखेरचा दिवस. पोर्टल लिनक्सवरून उघडत होते, पण भरायचे आकडे कुलपाआड. चुकले तर रोजचा विलंब आकार आणि थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज. दलालांची देणी, यंत्रमागवाल्यांचे सूत, तीन महिन्यांची उधारी, सारे त्याच डिस्कवर.

रात्री भाच्याला बोलावले. त्याने पहिला प्रश्न केला, "मामू, हा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना कोणाचा ईमेल दिला होता?" तो आमच्या थोरल्या मुलाचा होता. मुलाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात किल्ली जपून ठेवलेली सापडली. 48 आकडे एकेक करून घातले, विंडोज उघडले, विवरणपत्र वेळेत गेले. ते खाते बंद झाले असते किंवा त्याचा पासवर्ड विसरला असता, तर ते हिशेब परत मिळवणे अवघड झाले असते. त्यांची नक्कल आमच्याकडे नव्हती, ही चूक कारागिराची नव्हे, आमचीच.

पुढे कळले की, सिक्युअर बूट बंद करण्याची गरजही नव्हती. उबुंटू, फेडोरा यांसारख्या प्रचलित लिनक्सचा लोडर मान्यताप्राप्त सही घेऊनच येतो आणि पहारा चालू असतानाही आत शिरतो.

आधी काय करावे

पहिले काम, हिशेबाची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल म्हणजे न मोजलेली थप्पी.

दुसरे, बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी. फेरबदलापूर्वी विंडोजमधून बिटलॉकर तात्पुरता स्थगित करावा व काम झाल्यावर पुन्हा चालू करावा.

तिसरे, विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू असेल तर यंत्र बंद करूनही विंडोज अर्धवट झोपेत राहते, आणि लिनक्समधून त्या विभागात लिहू गेल्यास फाइली बिघडण्याचा धोका असतो.

चौथे, विंडोज यूईएफआय पद्धतीने बसले आहे की जुन्या, ते सिस्टम इन्फर्मेशनमध्ये पाहावे. लिनक्सही त्याच पद्धतीने बसवावे. एक नवीन व एक जुन्या पद्धतीने बसले की ग्रबला दुसऱ्याला हाक मारता येत नाही. लिनक्स बसवताना यूईएफआयचा तो छोटा विभाग वापरावा, पण फॉरमॅट करू नये. त्यातच विंडोजचा लोडर असतो.

ग्रबची मांडणी

उबुंटू व त्याच्या जातकुळीच्या लिनक्समध्ये ग्रबची वही ईटीसी फोल्डरातील डीफॉल्ट फोल्डरात असते. फाइलीचे नाव नुसते ग्रब. त्यातील ओळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत असतात. व्यापाऱ्याच्या कामाच्या ओळी तीन.

'ग्रब डीफॉल्ट' ही ओळ कोणती प्रणाली आपोआप उघडावी ते सांगते. मोजणी शून्यापासून होते, म्हणजे यादीतील तिसरी नोंद हवी तर आकडा 2 लिहावा. मात्र यादी बदलली की आकडा भलत्याच प्रणालीवर पडतो, म्हणून आकड्याऐवजी नोंदीचे पूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहिणे बरे.

'ग्रब टाइमआउट' किती सेकंद वाट पाहावी ते सांगते. दुकानातल्या गडबडीत 10 सेकंद ठीक. येथे शून्य लिहू नये, नाहीतर निवडीची संधीच मिळत नाही.

'ग्रब डिसेबल ओएस प्रोबर' या ओळीने पुष्कळांना चकवले आहे. ग्रबच्या 2021 मधील 2.06 आवृत्तीपासून दुसऱ्या प्रणाली शोधण्याचे काम सुरक्षेच्या कारणाने मुळात बंद ठेवलेले असते. यादीत विंडोज दिसत नसेल तर घाबरू नये. या ओळीपुढे 'फॉल्स' लिहावे.

वही बदलून भागत नाही. टर्मिनलमध्ये सुडोसह 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्यावी लागते, तेव्हा नवीन यादी तयार होते. ती धावताना विंडोज बूट मॅनेजर सापडल्याची ओळ पडद्यावर दिसली की काम फत्ते.

नंतरच्या अडचणी

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधी ग्रबचा फळा नाहीसा होतो आणि थेट विंडोज उघडते. लिनक्स गेले असे समजून पुन्हा बसवण्याची घाई करू नये. बहुधा फर्मवेअरच्या यादीतला क्रम बदललेला असतो. तिथे जाऊन लिनक्सची नोंद वर आणावी. काही वेळा अडचण खोल असते. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-दुरुस्तीने दोन प्रणालींच्या अनेक यंत्रांत लिनक्सचे लोडर अडवले, आणि त्यावर पक्का उपाय मे 2025 मध्ये आला. म्हणून लिनक्सची अपडेट टाळू नयेत, आणि लिनक्स सुरू करणारा एक पेनड्राइव्ह गल्ल्यात ठेवावा.

काही यंत्रांत ग्रबमधून विंडोज उघडले की बिटलॉकर पुन्हा किल्ली मागतो. तेव्हा सुरुवातीला फर्मवेअरची बूट यादी उघडून तिथूनच विंडोज निवडावे.

घड्याळाचीही एक गंमत आहे. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोजमध्ये आले की वेळ साडेपाच तास मागे दिसते, आणि पहाटेच्या बिलावर कालची तारीख पडू शकते. लिनक्सला 'टाइमडेटसीटीएल' आज्ञेने स्थानिक वेळ पाळण्यास सांगता येते. उन्हाळी-हिवाळी वेळ बदलणाऱ्या देशांत हा उपाय त्रासाचा ठरतो. आपल्याकडे ती अडचण नाही.

पुढेमागे लिनक्स काढायचे ठरले तर आधी फर्मवेअरमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला करावा, विंडोज उघडते याची खातरजमा करावी, मगच लिनक्सचा विभाग पुसावा.

कारागिराला काम द्यावे, त्याची मजुरीही द्यावी. पण त्याच्या समोर दोन्ही प्रणाली दोन-दोनदा सुरू करून पाहिल्याशिवाय त्याला निरोप देऊ नये. आणि हे काम महिन्याच्या 18 तारखेला तर मुळीच काढू नये.